माहेरांच्या वाटेने

मामांनी लाल कापडाचा रुमाल सोडला, आतल्या गठ्ठ्यातून हातभर लांबीचा एक कागद अलगद काढला आणि पडवीतल्या चटईवर पसरला. वारा सुटला होता, म्हणून मामीने एका कोपऱ्यावर पानाचा डबा ठेवला, दुसऱ्यावर अडकित्ता. आईच्या माहेरची वंशावळ मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्यात वर मूळपुरुष, त्याच्याखाली सात पिढ्या. बोरूने काढलेल्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाशी एक वर्तुळ आणि वर्तुळात नाव. वरच्या चार पिढ्या मोडीत, खालच्या तीन बाळबोध अक्षरात. शाई तपकिरी पडली होती, तरी अक्षर कुठे फाटलं नव्हतं.

मी आईचं नाव शोधत होते. पणजोबा सापडले, आजोबा सापडले. आजोबांच्या खाली दोन वर्तुळं होती, माझ्या दोघा मामांची. आई नव्हती, मावशीही नव्हती. शेजारच्या फांदीवर आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव होतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता, निर्वंश.

"मामा, यांना मूलबाळ नव्हतं?"

"नव्हतं कसं? चार मुली होत्या," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात काही वावगं सांगितल्याचा भाव नव्हता. त्यांच्या वडिलांनीही हे असंच सांगितलं असेल.

मिरजोळे रत्नागिरी शहराला इतकं लागून आहे, की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे लागतं हे नवख्याला कळत नाही. एका अंगाला एमआयडीसीच्या शेड, दुसऱ्या अंगाला विमानतळ. पण मामांच्या वाडीकडे जाणारी पाखाडी उतरलं, की सगळं तीस वर्षांपूर्वीचं दिसतं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ, आत कलमांची दाट सावली. चैत्र सरत आला होता. माळ्यावर आंब्याची अढी घातलेली होती आणि पेंढ्याखालून येणारा वास माजघरापर्यंत उतरत होता. आमच्या नाशिकच्या जुन्या वाड्यांचं तोंड आतल्या चौकाकडे असतं, रस्त्याकडे पाठ. इथलं घर अंगण पुढे करून बसलेलं असतं. येणारा माणूस पाखाडीच्या वळणावर दिसला, की त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या बाहेर येतो आणि गुळाचा खडाही.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं वर्षश्राद्ध नाशिकला झालं, पण मिरजोळ्याला येऊन मामा-मामींना भेटल्याखेरीज मला ते पुरं झाल्यासारखं वाटेना. निघतानाच ठरवलं होतं, की तिथून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धनपर्यंत जायचं. पेशव्यांचं मूळ घर श्रीवर्धनला. शाळेपासून बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब अशी नावं पाठ केलेली. ते भट घराणं ज्या मातीतून निघालं ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढाच विचार होता. मामांच्या पडवीत तो कागद पाहिल्यावर प्रवासाची दिशा तीच राहिली, पण शोध बदलला.

आम्हा नाशिककरांच्या आसपास पेशव्यांच्या तीन जागा आहेत. सिन्नरजवळ डुबेरे, जिथे बर्व्यांच्या वाड्यात 1700 साली बाजीरावांचा जन्म झाला. गोदावरीकाठचं गंगापूर, जिथे नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात राहिल्या. आणि आनंदवल्ली, जिथे 1794 मध्ये राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी डोळे मिटले. गंगापूर रोडवरून मी रोज जाते-येते, पण ही तिन्ही ठिकाणं बायकांमुळे आहेत हे मला मिरजोळ्यात बसल्यावर सुचलं. डुबेरे हे बाजीरावांचं आजोळ, म्हणजे त्यांच्या आई राधाबाईंच्या भावाचं घर. या बायका नाशिकच्या अंगाला आल्या. त्या निघाल्या कुठून? मामांनी नकाशा उलगडून बोट ठेवलं. नेवरे, वेळणेश्वर, मळण. सगळी माझ्याच वाटेवर.

निघायच्या आदल्या रात्री मामांनी रुमालातला आणखी एक कागद दाखवला. हक्कसोडपत्र. आजोबा गेल्यावर कलमांच्या बागेवरचा हिस्सा भावांच्या नावे सोडल्याचं आई आणि मावशीने लिहून दिलं होतं. खाली आईची सही होती. सासरच्या नावाने केलेली, वळणदार, शेवटच्या अक्षरावरची रेघ थोडी लांब ओढलेली. आईच्या माहेरच्या सगळ्या कागदांत तिचं नाव एवढ्या एकाच जागी आहे. मी मामांना बोल लावला नाही. त्यांनी तिला दर वर्षी आंब्याची पेटी पाठवली आणि दर दिवाळीला ते स्वतः आले. पण त्या सहीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

रत्नागिरी शहरात मी फार थांबले नाही. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर लहानपणापासून पाहिलेलं. थिबा पॅलेसला मात्र मुद्दाम गेले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा लाल राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. त्याला चार मुली होत्या. मामांच्या कागदाच्या हिशेबाने हा राजाही निर्वंश. पण थोरली राजकन्या ब्रह्मदेशात जाऊन पुन्हा रत्नागिरीला परतली, इथेच वारली आणि तिची मुलगी इथल्याच माणसांत संसार करून म्हातारी झाली. राजवाड्याच्या मागच्या सज्जात उभं राहिलं, की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. राजा तिथे बसून जहाजं पाहत असे, असं रत्नागिरीत सांगतात. त्याची नातवंडं-पतवंडं कोकणी बोलत मोठी झाली, हेही सांगतात, आणि ते सांगताना आवाजात आपलेपणा असतो.

आरे-वारेच्या रस्त्याने मी निघाले. एका चढावर गाडी वर येते आणि एकदम दोन किनारे पायाशी पसरतात, मधे एक डोंगराची सोंड. पाणी त्या दिवशी हिरवट निळं होतं. सुरूची झाडं सतत कुजबुजल्यासारखी वाजत होती. देशावरच्या माणसाला समुद्र हा सहलीचा विषय. इथल्या माणसाचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. तो नारळाच्या झावळ्या विणत असतो किंवा काजूच्या बिया वाळत घालत असतो.

नेवऱ्यात एका घराच्या अंगणात पाणी मागितलं. म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या, तांब्या दिला आणि मी पिऊन होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "कोणाकडची गो तू?"

नाशिकला अनोळखी माणसाला आम्ही विचारतो, कुठे राहता. इथे विचारतात, कोणाकडची. मी सासरचं आडनाव सांगितलं, त्याने त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आईचं माहेर मिरजोळ्याचं म्हटल्याबरोबर त्यांनी ओटीवर पाट मांडला. "म्हणजे आमच्यातलीच की." घावणे झालेलेच होते. पांढरे, जाळीदार, कडेने किंचित कुरकुरीत. बरोबर नारळाचा रस गूळ घालून. खाता खाता मी राधाबाईंचं नाव काढलं. "बर्व्यांची ना?" बाई लगेच म्हणाल्या, जणू आठवड्यापूर्वी पाठवणी झालेल्या मुलीबद्दल बोलत होत्या.

नेवऱ्याच्या बर्व्यांची ही मुलगी श्रीवर्धनच्या भटांकडे दिली. नवऱ्याला 1713 मध्ये पेशवेपद मिळालं, 1719 मध्ये तो दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला आणि 1720 मध्ये सासवडला वारला. 1740 मध्ये, एकाच वर्षात, दोन्ही मुलगे गेले. एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव, डिसेंबरमध्ये चिमाजीअप्पा. राधाबाई त्यानंतरही 13 वर्षं जगल्या. त्याआधी 1735 मध्ये त्यांनी उत्तरेची यात्रा केली, तेव्हा राजपुतान्यातल्या दरबारांनी त्यांचा थाटात सत्कार केला होता. बाजीरावांच्या मोहिमांनी जे साधलं त्यातलं काही या म्हातारीच्या काशीयात्रेनेही साधलं, असं मला इतिहास वाचताना नेहमी वाटत आलं आहे. छापील वंशवृक्षात त्या 'बाळाजी विश्वनाथ' या चौकोनाच्या कडेला कंसात आहेत.

पोरींच्या बाबतीत मात्र इतिहासाला थोडा नाइलाज झाला. बाजीरावांच्या दोन बहिणी, भिऊबाई आणि अनुबाई. भिऊबाई बारामतीच्या जोश्यांकडे दिली, अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. अनुबाईंनी नवरा गेल्यावर संस्थान सांभाळलं, मोहिमांवर गेल्या, भाच्याच्या दरबारी आपलं म्हणणं मांडलं. त्यांना वगळून इचलकरंजीचा इतिहास लिहिताच येत नाही, म्हणून त्यांचं नाव राहिलं. ज्यांनी संस्थान सांभाळलं नाही, फक्त घर सांभाळलं, त्यांना कोण लिहिणार?

गणपतीपुळे गर्दीचं होतं, तिथून लवकर निघाले. मालगुंडला केशवसुतांच्या घरापुढे पाच मिनिटं उभी राहिले. जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते आणि फेरीबोट माणसांना, मोटारसायकलींना आणि टोपल्यांना घेऊन पलीकडच्या तवसाळला जाते. बोटीवर माझ्याशेजारी एक नवी नवरी उभी होती. हिरवा चुडा, केसांत अबोलीचा गजरा, हातात स्टीलचा डबा. माहेरी चालली होती, पहिल्यांदाच. धक्का जवळ यायला लागला तशी ती कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बोट टेकायच्या आधीच किनाऱ्यावरच्या कुणाला तरी हात करायला लागली. नवरा मागे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होता.

हेदवीवरून वेळणेश्वरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. देऊळ समुद्राला चिकटून, मधे फक्त माडांची रांग. रास्त्यांचं मूळ गाव हे, मूळ आडनाव गोखले. पुढे घराणं देशावर गेलं, वाईला स्थिरावलं, सरदार झालं, आणि त्याच घराण्यातली गोपिकाबाई नानासाहेबांना दिली. जन्माने ती देशावरचीच. पण रास्त्यांचं कूळ विचारलं, की उत्तर या वाळूपर्यंत येतं.

गोपिकाबाईंचा विचार करताना मला नेहमी तारखाच समोर येतात. 14 जानेवारी 1761, पानिपतावर थोरला विश्वासराव. त्याच वर्षी जूनमध्ये नवरा. 18 नोव्हेंबर 1772, थेऊरला माधवराव, वय 27. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाड्यात नारायणराव, वय 18. तिघंही मुलगे आणि नवरा डोळ्यांदेखत गेले आणि ही बाई 1788 पर्यंत जगली. शेवटी नाशिकात देह ठेवला. वंशवृक्षात तिच्या तीन मुलांच्या फांद्या आहेत. दोन तिथेच तुटतात, एक पुढे नारायणरावाच्या मुलापाशी, सवाई माधवरावापाशी संपते. त्या फांद्यांचा भार जिने सोसला तिच्या नावाला वेगळं वर्तुळ नाही.

वेळणेश्वरला ज्या घरी जेवले तिथल्या काकूंनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कच्च्या फणसाची भाजी आणि सोलकढी वाढली. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट पडतं, इथे ओलं खोबरं. आमची बाजरीची भाकरी दाताला काम देते, ही जिभेवर विरघळते. जेवणाचा आग्रह मात्र देशावरचा जास्त. इथे आग्रह नाही. ताट रिकामं झालं की न विचारता भरलं जातं आणि नको म्हटलं की हात तिथेच थांबतो. त्या संयमात मला आई दिसली. ती असंच वाढायची. नाशिकच्या आमच्या घरात सगळे मोठ्या आवाजात आग्रह करायचे आणि ती तुपाची वाटी घेऊन मागे शांत उभी असायची. तो तिचा स्वभाव, असं मी इतकी वर्षं समजत होते. तिने तो मिरजोळ्याहून आणला होता.

गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात कुलदैवताला आलेली माणसं नेहमी असतात. पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून. त्या सकाळी एक तरुण जोडपं आलं होतं, बरोबर मुलाचे वडील. त्यांच्या हातात त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत होता, पुठ्ठ्याची बांधणी, सातआठशे पानं. गेल्या शतकात चित्पावनांच्या कितीतरी घराण्यांनी असे ग्रंथ छापले. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मग शाखा आणि शाखांचे माणूस-माणूस तपशील. या कामामागे केवढे कष्ट आहेत हे मी जाणते. माणसांनी गावोगाव पत्रं लिहिली, तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, पदरचे पैसे घालून छापलं. पेशवे दप्तराचे 45 खंड संपादणाऱ्या गोविंद सखाराम सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र केल्या त्या नसत्या, तर माझ्यासारखीला आज ही वाट सापडलीच नसती. कित्येक कुलवृत्तांतांत मुलींची नावं आणि त्यांची सासरंही दिलेली असतात. पण ओळ तिथे थांबते. मुलीच्या मुलांची फांदी त्या ग्रंथात नसते, ती दुसऱ्या घराण्याच्या ग्रंथात जाते आणि तिथे मुलीचं माहेरचं नाव पुसलेलं असतं.

गुरुजींनी संकल्पासाठी गोत्र विचारलं. वडिलांनी सांगितलं. तरुणाने बायकोकडे पाहिलं आणि गुरुजींना म्हणाला, "हिचंही म्हणा ना, माहेरचं." गुरुजी क्षणभर थांबले. "लग्नानंतर एकच होतं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. मुलगी काही बोलली नाही. तिने पुस्तक सासऱ्यांच्या हातातून घेतलं आणि मागची कोरी पानं उलटून पाहिली.

आनंदीबाई ओकांची, गुहागरच्या परिसरातल्या मळणची. मराठी मुलुखात लहान पोरालाही 'ध' चा 'मा' ठाऊक असतो. नारायणरावाला धरावे असं लिहिलेलं तिने मारावे केलं, ही कथा. रामशास्त्र्यांनी चौकशी करून नारायणरावाच्या खुनाचा दोष दिला तो राघोबादादांना, आणि तरी अडीचशे वर्षं नाव तिचं खराब आहे. तिचा नवरा 1783 मध्ये कोपरगावला वारला. तिचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे शेवटचा पेशवा झाला, तो दिवस पाहायला ती राहिली नाही. नाशिकला राघोबादादांनी चावंडस गावाला तिच्या नावावरून आनंदवल्ली म्हटलं, आणि तिथेच तिचं शेवटचं आजारपण गेलं. गोदाकाठी राहणारी मी मळणच्या रस्त्यावर उभी राहून माडांच्या सावल्या पाहत होते. इथून ती मुलगी कोणत्या वयात निघाली असेल? त्या काळात आठव्या-दहाव्या वर्षी लग्नं होत. तिला घाट चढताना समुद्र शेवटचा दिसला ती जागा कोणती, हे कुठल्याच बखरीत नाही.

अंजनवेलचा गोपाळगड पाहून धोपाव्याच्या धक्क्यावर आले. बाळाजी विश्वनाथांना जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसांनी याच अंजनवेलला अडकवून ठेवलं होतं आणि वेळासच्या भानू बंधूंनी सोडवलं, असं सांगतात. वाशिष्ठीच्या मुखावर बोटीची वाट पाहत बसले असताना मला अगदी दूरचं एक घर आठवलं.

मागल्या वर्षी मी मुलीकडे बॉस्टनला गेले होते. तिने मला जवळच्या क्विन्सी गावातलं अ‍ॅडम्स घराण्याचं घर दाखवलं. अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि सहावा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, बाप-लेक, त्या घरचे. वंशजांनी 1946 मध्ये घर राष्ट्राच्या हवाली केलं. पुस्तकं, खुर्च्या, पलंग जागच्या जागी. जॉनची बायको अ‍ॅबिगेल. दोघांची मिळून हजाराहून अधिक पत्रं जपलेली आहेत. मार्च 1776 मध्ये तिने नवऱ्याला लिहिलं, की नवे कायदे करायला बसला आहात तर बायकांना विसरू नका. त्याच मार्चच्या 1 तारखेला इथे पुरंदरचा तह होत होता आणि गडावर नारायणरावाच्या विधवा पत्नी गंगाबाई, बारभाईंच्या पहाऱ्यात, दोन वर्षांच्या सवाई माधवरावाला वाढवत होत्या. गंगाबाईंनीही काही म्हटलं असेल. ते कुणी जपलं नाही.

पण क्विन्सीत मला सगळ्यात हलवून गेली ती मधल्या नावाची गोष्ट. 1767 मध्ये अ‍ॅबिगेलला मुलगा झाला तेव्हा तिचे आजोबा, आईचे वडील कर्नल जॉन क्विन्सी, अखेरच्या घटका मोजत होते. त्यांचं नाव बाळाला दिलं. पुढे गावालाही त्यांच्याच नावावरून क्विन्सी म्हणू लागले. म्हणजे त्या देशाच्या एका अध्यक्षाच्या नावात आईचं आजोळ कायमचं बसलं. त्यांच्याकडेही सत्ता बापाकडून मुलाकडेच गेली, अ‍ॅबिगेलची विनंती मान्य झाली नाही, बायकांना मत मिळायला 1920 उजाडलं. पण आईकडचं नाव मुलाच्या नावात राहायला तिथे जागा होती. आपल्याकडे बाळाजीचा मुलगा बाजीराव, बाजीरावाचा बाळाजी. मधे बापाचं नाव, शेवटी बापाचं आडनाव. राधाबाईच्या नेवऱ्याला त्यात शिरायला फटच नाही. माझ्या आईचं तर पाळण्यातलं नावही लग्नात बदललं. मिरजोळ्यात तिला ज्या नावाने हाक मारत ते नाशिकला आम्हा मुलांना दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत माहीत नव्हतं.

दाभोळ, दापोली, केळशी. खाड्या आल्या, सडे आले, काळ्या कातळावर वाळत घातलेली मासळी आली. वेळासला मुक्काम केला. हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडल्यावर भटांना या घराचा आधार झाला आणि दोन्ही कुटुंबं मिळून घाटावर गेली. नानांचा जन्म साताऱ्याचा, मृत्यू 1800 मध्ये पुण्याचा, पण वेळास त्यांना आपलाच मानतं. आता हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर इथली अंडी राखायला सुरुवात केली.

पहाटे आम्ही दहा-बाराजण किनाऱ्यावर उभे होतो. हंगामातलं शेवटचं घरटं. गावातल्या मुलाने टोपली उलटी केली आणि तळहातापेक्षा लहान, काळी, ओली पिल्लं वाळूत वल्ही मारत निघाली. त्याने सांगितलं, यांतल्या ज्या माद्या जगतील त्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच येतात. शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "माहेरपणाला." कुणी हसलं नाही. सगळे शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत बघत राहिले.

वेसवीहून बोटीने सावित्री ओलांडली, की बागमांडला आणि मग हरिहरेश्वर, पेशव्यांचं कुलदैवत. तिथून श्रीवर्धन अगदी जवळ. रस्ता पोफळींच्या बागांतून जातो. उंच, सरळ झाडं, खाली ओलसर गारवा, पाटाचं पाणी खळखळणारं. श्रीवर्धनी रोठा सुपारी नामांकित आहे. 1948 पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा होता; ज्यांनी अर्धा हिंदुस्थान हलवला त्या पेशव्यांना आपलं मूळ गाव शेवटपर्यंत सिद्दीकडून घेता आलं नाही.

पेशव्यांच्या घराच्या जागी आज त्यांचं स्मारक आहे, बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. आवारात दुपारची शांतता होती. मी वहीत भटांचा वंशवृक्ष काढून आणला होता, तो चौथऱ्यावर बसून पुन्हा काढला. या वेळी फांद्यांच्या आधी गावं लिहिली. नेवरे. वेळणेश्वर. मळण. बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंसाठी चास. मग बुंदेलखंड, कारण मस्तानीची फांदीही याच झाडाची आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतावर लढला आणि जखमी होऊन त्याच सालात गेला. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला, बांद्याचे नवाब त्याचे वंशज, आणि 1857 मध्ये त्यांच्यातलाच एक इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. श्रीवर्धनच्या भटांचं रक्त बांद्याला नमाज पढत होतं, आणि आपण शाळेत शिकलेल्या झाडावर ती फांदी कधी पूर्ण काढली नाही. याउलट दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब माथेरानच्या पायथ्याच्या वेणगावचे. त्यांना झाडावर मानाची जागा आहे. दत्तकाला फांदी मिळते आणि पोटच्या मुलीला मिळत नाही, म्हणजे प्रश्न रक्ताचा नव्हताच. नाव आणि वतन कुणाच्या हाती राहावं, एवढ्याचसाठी हे कागद लिहिले गेले. ते जिथे लिहिले गेले तिथे वतन आता उरलेलं नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आला, देशभर 2005 मध्ये. कागद मात्र जुन्याच रीतीने पुढे नकलून काढले जातात, आणि हे चूक आहे असं मी स्पष्ट म्हणते.

नाशिकला परतल्यावर मी मामांच्या वंशावळीची नक्कल करायला बसले. आजोबांच्या खाली चार वर्तुळं काढली. आईच्या वर्तुळात आधी मिरजोळ्याचं नाव लिहिलं, मग सासरचं, मग जन्माचं आणि मृत्यूचं साल. निर्वंश शब्दाच्या जागी चार मुलींची नावं हवी होती. त्यांपैकी तिघींची मामांना आठवली, चौथीचं त्यांनी वाडीतल्या एका म्हाताऱ्या आत्याला विचारून कळवलं. कागद रजिस्टर पोस्टाने मिरजोळ्याला पाठवला.

आठ दिवसांनी मामींचा फोन आला. कागद पोचला होता. थोडा वेळ त्या आंब्यांबद्दल, पावसाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "मामांच्या शेजारी माझं नाव घातलंयस ते सासरचं गो. माझं पहिलं नाव वेगळं होतं. आणि माझं माहेर संगमेश्वराकडचं. तेही लिहिशील?"

दुसरी प्रत काढली, तीत मामींचं पहिलं नाव आणि गाव घातलं. आजीचं माहेरही विचारून घेतलं. पणजीचं कुणालाच सांगता आलं नाही, तिथलं वर्तुळ कोरं ठेवलं आहे.